शिवेवरच्या म्हात्रे बाई

परवा सकाळी चहा घेताना, एका हाताने गुडघा चोळत, बायकोने पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "तुमच्या बाईंची बातमी आलीय."

मी चष्मा शोधला. आतल्या पानावर अगदी तळाशी चार ओळींची बातमी होती. दक्षिण आशियातल्या देशांच्या संघाची मोठी बैठक याही खेपेला होण्याची चिन्हं नाहीत, एवढंच. बाईंचं नाव त्यात असण्याचं काही कारण नव्हतं. बाई जन्मात कधी देशाबाहेर गेल्या नाहीत. पासपोर्ट काढावा असं त्यांना फार वाटायचं, पण अर्जात 'प्रवासाचं कारण' या रकान्यात काय लिहायचं यावर घोडं अडलं ते अडलंच. तरीही आमच्या घरात या संघाची कुठलीही बातमी 'बाईंची बातमी' म्हणूनच ओळखली जाते. बाई जाऊन दोन वर्षं झाली. बातमी आपली येतेच आहे, आणि दर वेळी तीच.

म्हात्रे बाई, म्हणजे तारामती म्हात्रे, रोह्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. मी तिथे ग्रंथपाल होतो. आम्ही दोघंही पेणकडचे. रोज सकाळी रामवाडीच्या स्टँडवरून एकच एसटी धरायचो आणि वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोचायचो. मी पेणातच राहणारा, त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत यायचो. बाई यायच्या उंबरखारहून. पेणच्या पश्चिमेला खाडीला टेकून जी भातशेतीची गावं आहेत, त्यांतलं हे एक. तिथून अर्धा तास बांधावरून चालत आणि पुढे मिळेल त्या वाहनाने त्या स्टँडवर पोचायच्या, तेव्हा पाय घोट्यापर्यंत चिखलात. स्टँडच्या नळावर पाय धुवायच्या, पिशवीतून दुसऱ्या चपला काढायच्या, चिखलाच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकायच्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "चला वैद्य, आता मी मॅडम झाले."

संध्याकाळी परत आलो की त्याच नळाजवळ उलटा कार्यक्रम.

बसमध्ये त्यांचं बोलणं म्हणजे मला मिळालेली शिक्षा होती, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खरं सांगायचं तर ज्या दिवशी त्या नसायच्या त्या दिवशी मला रोहा फार लांब वाटायचं. आमच्या जागा ठरलेल्या. खिडकीशी त्या, शेजारी मी. नागोठणं गेलं की त्यांना भूक लागायची. "वैद्य, डोळे मिटा, मी डबा उघडतेय," असं जाहीर करून त्या तांदळाची भाकरी आणि सुकट काढायच्या. मी शाकाहारी माणूस. मी डोळे मिटायचो, पण नाक कुठे मिटणार? एकदा मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "शेजारी म्हटला की वास येणारच. तुमच्या हिंगाचा मला येत नाही होय?"

भाकरी चावता चावता त्या मला नेपाळची अडचण सांगायच्या. समुद्र नाही, सगळा माल दुसऱ्याच्या दारातून आणायचा. भूतानची सांगायच्या, बांगलादेशाच्या नद्यांची सांगायच्या. शेजारच्या घरातल्या सुनेचं दुखणं सांगावं तसं सांगायच्या. कंडक्टरला सुद्धा श्रीलंकेचं बरंच काही ठाऊक झालं होतं.

तेव्हा त्या संघात सात देश होते. सात देशांनी एकत्र येऊन टपालापासून शेतीपर्यंत सगळ्यात एकमेकांना मदत करायची, असं ठरून संघ निघाला तेव्हा बाई हरखल्या होत्या. रोह्याच्या बाजारातून पेढे आणून त्यांनी स्टाफरूममध्ये वाटले. कशाचे पेढे, हे कळल्यावर आमच्या गणिताच्या सरांनी उचललेला पेढा परत ठेवला होता. मग बाईंनी संघाची सनद मागवली, बसमध्ये तीनदा वाचली आणि चौथ्या दिवशी वडखळच्या पुढे माझ्या मांडीवर आपटली.

"वैद्य, यात दोन नियम आहेत. एक, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरवायचं नाही. दोन, ज्या विषयावरून दोन देशांत भांडण आहे तो विषय बैठकीत काढायचाच नाही."

"बरं आहे की," मी म्हणालो. "भांडणं होणार नाहीत."

"मग जमायचं कशाला? चहाला? जिथे दुखतंय तिथे हात लावायचा नाही, तर डॉक्टर बोलवायचा कशाला?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "ही तर आमची बांधाची कमिटी झाली."

बांधाच्या कमिटीचं मी पुढे सांगणारच आहे, कारण बाईंचा सगळा जीव तिथे अडकला होता. पण आधी वर्गातलं सांगतो.

दर वर्षी हिवाळ्यात बाई आपल्या विद्यार्थ्यांची 'सात देशांची सभा' भरवायच्या. लांब टेबल फक्त माझ्या ग्रंथालयात, म्हणून सभा तिथे. चिठ्ठ्या टाकून देश वाटायचे. प्रत्येकाला भारत हवा असायचा आणि तो एकालाच मिळायचा. सभेला बाईंचा एक स्वतःचा नियम होता. आपल्या देशाची तक्रार मांडण्याआधी शेजारच्या देशाची तक्रार मांडायची, आणि तीसुद्धा अशी की त्या शेजाऱ्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हटलं पाहिजे. तो हो म्हणेपर्यंत स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "आधी शेजाऱ्याचं," हे बाईंचं पालुपद होतं. मुलं कंटाळायची, चिडायची, टेबलाखालून एकमेकांना लाथा मारायची. एका वर्षी भारत झालेल्या मुलाला पाकिस्तानचं म्हणणं नीट मांडायला दोन तास लागले, आणि तो मांडून झाल्यावर पाकिस्तान झालेली मुलगी म्हणाली, "आता मलाच माझं म्हणणं पटेनासं झालंय, मॅडम." बाई त्या दिवशी बसमध्ये अख्ख्या रस्ताभर हसत होत्या.

नसरीनचं वर्ष मात्र कोणी विसरणार नाही. नसरीन शेजारच्या अष्टमी गावची. पुलापलीकडून रोज चालत यायची, वर्गात सगळ्यांत हुशार आणि तोंडाने फटकळ. तिला चिठ्ठीत मालदीव आला. ती फुरंगटून बसली. सभेत दोन मोठे देश हमरीतुमरीवर आलेले, बाकीचे आपापल्या बाजूने त्यांत सामील. तिने तीनदा हात वर केला. "आमची बेटं पाण्याखाली जाताहेत," ती म्हणाली. कोणी लक्ष दिलं नाही. चौथ्यांदा तिने हात वर केला नाही. उठली, कोपऱ्यातला पाण्याचा जग घेतला आणि शांतपणे टेबलाच्या आपल्या टोकाला ओतायला लागली. पाणी आधी तिचे कागद भिजवून पुढे सरकलं, मग श्रीलंकेकडे, मग पुढे. सगळे देश कागद उचलून पळाले. टेबलावर माझे दोन ज्ञानकोश होते. मी ओरडलो, "अहो बाई, पुस्तकं! आवरा तिला!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि भर सभेत म्हणाल्या, "गाढव आहात. ती बोलत होती तेव्हा कुठे होतात?"

आयुष्यात एकदाच त्या मला गाढव म्हणाल्या, आणि तेही मालदीवच्या बाजूने. नसरीनला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि टेबल तिच्याकडूनच पुसून घेतलं. मला ज्ञानकोश वाळवावे लागले. दुसऱ्या खंडाची पानं अजून फुगलेली आहेत.

आता बांध.

उंबरखारची जमीन भरतीच्या पाण्याहून खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि तो एका गावाचा नाही, सलग सात गावांचा. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी आत येतं, आणि एकदा खारं पाणी आलं की तीन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. पूर्वी खांड पडली की सातही गावांतून घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावायचा. याला जोळ म्हणायचे. पुढे जोळ ढिली पडली आणि सात गावांची कमिटी उरली. कमिटीचा नियम असा, की सातांनी हो म्हटल्याशिवाय जोळ निघत नाही, आणि दोन गावांचं आपसातलं भांडण बैठकीत आणायचं नाही.

उंबरखार आणि शेजारचं शेलखार यांच्या शिवेवर बांधाचा पंचवीसएक पावलांचा तुकडा होता. तो कुणाचा यावर दोन पिढ्यांचं भांडण. तिथली समजूत अशी की ज्याची माती पडेल त्याची शीव. त्यामुळे उंबरखारने माती टाकली की शेलखारवाले ती खरवडून काढणार, आणि शेलखारने टाकली की उंबरखारवाले. दोन्हीकडचा बांध पुरुषभर उंच आणि मध्ये हा तुकडा कमरेएवढा. कमिटीत कुणी विषय काढला की बाकीचे म्हणायचे, "त्यो तुमचा दोघांचा हाय. आपसात बघा." बाई हे सांगताना दातओठ खायच्या.

आणि याच ठिकाणी बाईंनी आयुष्यातली मोठी चूक केली. बाईंची चूक सांगायला मला आवडत नाही, पण त्या स्वतः दर वर्षी वर्गात सांगायच्या, तेव्हा मी लपवून काय उपयोग? एका उन्हाळ्यात त्यांनी कॉलेजच्या मुलांचं श्रमदान शिबिर उंबरखारला नेलं. मुलं रोह्याची, त्यांना ना हे गाव ना ते. परक्यांनी तो तुकडा भरला तर कुणाची हरकत असणार, असं बाईंना वाटलं. तीन दिवसांत मुलांनी बांध छातीएवढा आणला. गाण्याबिण्यांत समारोप झाला. पण जवळ पडते म्हणून मुलांनी माती उचलली होती शेलखारच्या हद्दीतून. चौथ्या दिवशी शेलखारचे लोक आले आणि "आमची माती हाय, आमी नेतो," म्हणत सगळी उपसून घेऊन गेले. जाताना जुन्या बांधाचाही थोडा भाग गेला.

त्याच श्रावणात पुनवेच्या उधाणाला भरदुपारी तिथेच खांड पडली.

तीन-चार दिवसांनी मी बाईंबरोबर उंबरखारला गेलो. बाईंचे थोरले भाऊ हसुराम ओट्यावर बसले होते. समोर त्यांचं शेत, आणि त्यात खाडीसारखंच पाणी, वर मेलेल्या रोपांचा पिवळा तवंग. याच शेताच्या भातावर बाई एम. ए. झाल्या होत्या. गावात मुलीला सातवीनंतर शिकवत नसत तेव्हा हसुरामांनी बापाशी भांडून तिला पेणला पाठवलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि बहिणीकडे न बघता म्हणाले, "तारा, तुझे पोरांनी माती कुठशी आनली, तां इचारलंस काय गो?"

"नाय इचारलं, दादा," बाई म्हणाल्या. घरात त्या घरचीच भाषा बोलायच्या.

"आता दोन वरसां बघन. खांड भरली तर ठीक. नायतर शेत टाकून धाटावला कंपनीन वॉचमनचे शिफ्टला जान."

धाटाव म्हणजे रोह्याजवळची कारखान्यांची वसाहत. साठीला आलेला तो माणूस, आयुष्यात कुणाची चाकरी न केलेला. मला पोचवायला बाई स्टँडपर्यंत आल्या. रामवाडीला उतरल्यावर नळाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "वैद्य, दादा वॉचमन होणार नाही. मी होऊ देणार नाही." आणि पाय न धुताच निघून गेल्या.

खांड भरायला दोन गावांचे हात पुरणारे नव्हते. भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत, एका ओहोटीत, काही तासांत काम उरकलं पाहिजे, नाहीतर येणारी भरती सगळं वाहून नेते. त्याला सातही गावं हवीत. चार गावं सहज हो म्हणाली. उरली भांडणारी दोन, आणि सातवी टेपवाडी. टेपवाडी पूर्वापार जोळीतली, पण उंचावर, टेकडीच्या पायथ्याशी. खारं पाणी तिथवर पोचतच नाही. त्यांचा काशिनाथ पाटील कमिटीत यायचा, हाताची घडी घालून बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "आमची हो नाय." कारण विचारलं तर, "नाय म्हनजे नाय."

दीड वर्ष बाई दर रविवारी या तीन गावांत हिंडल्या. काठी घेऊन, छत्री घेऊन, पायी. शेलखारमध्ये त्यांच्यापुढे कुणी पाण्याचा तांब्या ठेवत नव्हतं. "तुमचे शिबिराला आमचा नमस्कार," असं म्हणून लोक आत जायचे. टेपवाडीची कुत्री त्यांना ओळखायला लागली, माणसं मात्र ओळख देईनात. मी एकदा न राहवून म्हणालो, "बाई, सोडा आता. ज्यांना बुडायचं नाही ते कशाला येतील?"

"सोडून काय करू? शेजार सोडता येतो का? देश उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही आणि गावही." त्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या. "बैठक पुढे ढकलली की लोकांना वाटतं प्रश्नही पुढे गेला. पाणी कुठे थांबतंय?"

शेवटी माघात टेपवाडीच्या शाळेत बैठक ठरली. हसुरामांनी दिलेल्या मुदतीतला तो शेवटचा उन्हाळा येऊ घातला होता. बाईंनी मला बरोबर नेलं, कारण कुणीतरी तटस्थ माणूस टिपण घ्यायला हवा. सात गावांचे सात कारभारी मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. उंबरखारतर्फे हसुराम, शेलखारतर्फे नारायण पाटील, टेपवाडीचा काशिनाथ हाताची घडी घालून. बाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज आपलं कुनी बोलायचं नाय. आधी शेजाऱ्याचं. दादा, शेलखारचं म्हननं काय हाय, तां तू सांग."

हसुराम ताडकन उठले. "मी? त्यांचं? तुझे कॉलेजान खेळ त्यो खेळ. हितं नाय." दारापर्यंत गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत. दारात उभं राहून हसुरामांनी एकदा बाहेर बघितलं, एकदा आत, मग परत आले आणि बाकाशी उभे राहिले. मग खाली बघून म्हणाले, "शेलखारचं म्हननं असं... का आमचेकरचे पोरांनी त्यांचे हद्दीतली माती उचलली. न इचारता. त्यांना वाटलं आमी शीव घ्याला निघालू."

नारायण पाटील म्हणाला, "व्हय. हेच."

"ती पोरां माजी," बाई म्हणाल्या. "चूक माजी. उंबरखारची नाय. नारायनदादा, मी तुमची माफी मागते." आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. मी टिपण घ्यायचं विसरलो.

आता नारायणची पाळी. तो घसा खाकरत उठला. "ह्यांचं काय, तां दिसतंच हाय. ह्यांचे शेतान भात नाय. हसुरामची बायको... ती पेनचे बाजारातशी तांदूळ इकत आनते." तो खाली बसला. भात पिकवणाऱ्या घराला तांदूळ विकत आणावा लागणं म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. हसुरामांनी फक्त मान हलवली.

"आता टेपवाडीचं," बाई म्हणाल्या. "टेपवाडीचं म्हननं कोन सांगेल?"

कुणी उठेना. सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. दीड वर्षात त्या टेपवाडीला जाऊन 'हो' मागत होत्या, पण तुमचं काय म्हणणं आहे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. बाईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

काशिनाथने हाताची घडी सोडली. "ह्येच आमचं म्हननं हाय," तो म्हणाला. "का आमचं म्हननं कुनाला ठावकीच नाय." मग तो बोलत गेला. खालची गावं भाताला पाणी धरून ठेवायला पावसाच्या शेवटी उघाडी, म्हणजे बांधातला दरवाजा, बंद ठेवतात. त्यामुळे टेपवाडीचा ओढा तुंबतो आणि स्मशानाची वाट पाण्याखाली जाते. "माजे आयशीला आमी कमरेएवढे पान्यातशी नेली. खांद्यावर नाय, डोक्यावर धरून. खालून एक मानूस इचाराला नाय आला, का उघाडी खोलू काय."

शेलखारचा नारायण म्हणाला, "आमाला कदी बोललास नाय."

"तुमी कदी इचारलंत?"

त्यानंतर जे झालं ते फार थोडक्यात झालं. मयत असली की कुठल्याही वेळी उघाडी उघडायची, हे सहाही गावांनी जागच्या जागी कबूल केलं. राहिली शिवेवरच्या मातीची अडचण. खांड भरायची तर माती कुणाची टाकायची? तेव्हा काशिनाथच म्हणाला, "तळाला आमचा मुरूम टाका. आमी काय टेकडीवरशी खाली शीव मागायला येनार नाय. आनि वरती साती गावांची माती टाका, मंग बघू कोन कुनाची खरवडतो."

हसुराम पहिल्यांदा हसले. मी ते हसू टिपणात लिहिलं आहे. वही अजून माझ्याकडे आहे.

फाल्गुनातल्या भांगाला जोळ निघाली. सकाळी पाणी उतरलं तसे सातही बाजूंनी लोक बांधावरून येताना दिसायला लागले, बायका-पुरुष, डोक्यावर घमेली, प्रत्येकात आपापल्या गावची माती. टेपवाडीच्या बैलगाड्यांतून लाल मुरूम आला. रोह्याहून बाईंची मुलंही आली होती, नसरीन नोकरीतून रजा काढून आली होती. बाईंनी सगळ्यांना एका रांगेत उभं करून बजावलं, "मातीला कुणी हात लावायचा नाही. नुसतं पाणी वाटायचं." मी उत्साहाने एक घमेलं उचललं तर माझ्यावरही डाफरल्या. "वैद्य, ठेवा ते खाली. तुम्ही पेणचे. उगाच आठवी शीव नको."

मग मी पाणी वाटलं. चिखलात उभा राहून दुपारपर्यंत वाटलं. हसुराम आणि नारायण खांडीच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे माती लोटत सरकत होते. भरती लागली तेव्हा मधलं अंतर हातभर राहिलं होतं. कुणी ओरडत नव्हतं, नुसती फावडी वाजत होती. पाणी चढत आलं, नव्या मातीला लागलं, थोडी माती विरघळली, त्यावर आणखी पडली. आणि मग पाणी तिथेच उभं राहिलं. पलीकडे खाडी आणि अलीकडे कोरडी जमीन. बाई बांधावर उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, आणि रडत होत्या. मीही रडलो, सांगायला लाज कसली?

हसुराम धाटावला गेले नाहीत. दोन पावसाळ्यांनी शेतातलं मीठ धुऊन गेलं आणि पुढच्या दिवाळीला बाईंनी त्या शेताचे नवे पोहे आणून माझ्या हातात दिले, "वहिनींना द्या" म्हणून, म्हणजे माझ्या बायकोला.

बाई निवृत्त झाल्या. संघात पुढे आठवा देश आला तेव्हा त्यांनी मुद्दाम कॉलेजात येऊन सभेच्या टेबलाला आठवी खुर्ची लावली. संघाचं मात्र फारसं पुढे सरकेना. बैठका ठरत, मोडत. मी चिडवायचो, "बाई, तुमचे देश काही ऐकत नाहीत." त्या म्हणायच्या, "टेपवाडीला मी दीड वर्ष चुकीचं विचारत होते, वैद्य. इथेही अजून कुणीतरी बरोबर विचारायचं राहिलंय. विचारणारी मुलं तयार करायची, दुसरं काय?" आणि संपादकांना पत्र लिहायला बसायच्या. तीस वर्षांत त्यांचं एकही पत्र छापून आलं नाही. तरी दर पत्राची प्रत माझ्याकडे फायलीला लावायला द्यायच्या.

शेवटचं भेटलो ते उंबरखारलाच. हसुराम तोपर्यंत गेले होते. बाईंचे गुडघे पार कामातून गेले होते, घरातून ओट्यावर यायला दोन माणसं लागत. पण त्या दिवशी हट्टच धरला, मला बांधावर न्या. भाच्याने रिक्षात घालून उघाडीपाशी आणलं आणि कठड्यावर बसवलं. पुढे चालणं शक्य नव्हतं. त्यांनी मला हुकूम सोडला, "वैद्य, शिवेपर्यंत जाऊन या. तुकडा कसा आहे ते बघून मला सांगा."

मी निघालो. ऊन कलतं होतं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला पोटरीला आलेलं भात. शीव कुठे ते मला चांगलं ठाऊक होतं, मी तिथे अर्धा दिवस उभा राहिलो होतो. बांध सलग होता, एकाच उंचीचा, सगळीकडे सारखंच गवत. पुढे गेलो, बरंच पुढे, मग वाटलं चुकलो, परत आलो, पुन्हा गेलो. मुरमाचा लाल रंगही कुठे दिसेना. एक माणूस बांधाच्या उतारावर गवत कापत होता. त्याला विचारलं, "हा बांध कुणाचा?"

"आमचा," तो म्हणाला आणि कापत राहिला.

मी परत आलो. बाई वाटच बघत होत्या.

"बाई, शीव सापडली नाही मला."

"नीट बघितलंत?"

"दोनदा गेलो-आलो. एक माणूस भेटला, तो म्हणाला बांध आमचा."

"कुठल्या गावचा होता?"

"ते विचारायचं राहिलं."

अर्धवट उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आता दुसऱ्यांदा गाढव ऐकायची मी तयारी केली. पण त्यांनी मान वळवली. खाडीकडे बघत राहिल्या. भरती लागली होती आणि पाणी बांधाला येऊन टेकत होतं.

"बरं झालं विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मग भाच्याने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उठवलं. रिक्षापर्यंतची दहा पावलं टाकताना त्यांचा चेहरा वेदनेने पिळवटला होता. मी विचारलं, "फार दुखतंय का, बाई?"

"थांबा हो," म्हात्रे बाई म्हणाल्या. "आधी सांगा, वहिनींचे गुडघे कसे आहेत?"